दख्खनच्या लाव्हापठारावरचे काल्पनिक टेरोसॉर: पूर्वज कोणता घ्यावा आणि आकार किती ठेवावा?

कातळरेषा (धागाकर्ता):

नमस्कार. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, भारतावर मी एक चित्रमालिका तयार करीत आहे. त्या काळी मादागास्करपासून तुटलेला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला सरकत होता, त्याच्या भोवती बहुतेक सर्व बाजूंनी समुद्र होता, आणि आजच्या महाराष्ट्राच्या जागी लाव्हाचे थरावर थर साचत होते. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात त्या थरांवर माती धरत असे, तळी साचत, ताडवर्गीय झाडे उगवत, आणि पुढच्या लाव्हाखाली ते सारे झाकले जाई. नागपूर आणि छिंदवाडा परिसरात बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये दबलेले जे गाळाचे खडक आढळतात, ते याच तळ्यांचे आहेत. अशा भूमीवर उडणारे सरीसृप, म्हणजे टेरोसॉर, आपापल्या वाटेने उत्क्रांत झाले असते तर ते कसे दिसले असते, हे मला रेखाटायचे आहे.

माझ्या मनात तीन प्राणी आहेत. पहिला पंधरा मीटर पंखविस्ताराचा असून तापलेल्या काळ्या कातळावरून वर चढणाऱ्या हवेवर तो तासन्‌तास तरंगतो आणि सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेच्या वनस्पतिभक्षी, डायनोसॉरांची पिल्ले पायांच्या नखांत धरून उचलतो. दुसरा तळ्यातील बारीक जीव गाळून खातो आणि त्यासाठी त्याच्या जबड्यात दातांचा दाट कंगवा आहे. तिसरा चिमणीएवढा, लांब शेपटीचा, रात्री कीटक टिपणारा आहे. प्राणी दिसायला नवा असला एवढ्यावर माझे समाधान होणार नाही. त्याच्या प्रत्येक अवयवामागे वंशपरंपरेचे कारण असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या तिघांना योग्य पूर्वज कोणते, त्यांचे आकार कितपत पटण्याजोगे आहेत आणि ज्वालामुखीचा त्यांच्या शरीरावर काही परिणाम दाखवावा काय, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

अस्थिवेध:

आपण पूर्वजाचा प्रश्न सर्वांत आधी विचारला आहे, आणि माझ्या मते कल्पित उत्क्रांतीचे सारे काम त्या एका प्रश्नावर उभे राहते. प्राण्याला काय हवे आहे यावरून त्याचे शरीर ठरत नाही. पूर्वजाने जे शरीर दिले त्यातून गरज भागवावी लागते, आणि मधल्या प्रत्येक पिढीला त्या अर्धवट बदलानेही जगवावे लागते.

म्हणून आधी त्या काळी कोण शिल्लक होते ते पाहावे. टेरोसॉरांचा इतिहास सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकमध्ये, सुरू झाला. परंतु लांब शेपटीच्या घराण्यांपैकी बहुतेक ज्युरासिकच्या अखेरीपर्यंत संपली होती आणि दातांची घराणीही क्रिटेशसच्या शेवटापूर्वीच बरीच आधी नाहीशी झाली होती. अगदी शेवटी उरलेले मुख्य कुळ अझडार्किडांचे होते: लांब मान, दात नसलेली चोच, आखूड शेपूट. मोरोक्कोतील फॉस्फेटच्या थरांतून २०१८ मध्ये जे टेरोसॉर प्रसिद्ध झाले, त्यांवरून नायक्टोसॉरिडांसारखे समुद्रावर उडणारे टेरोसॉरही त्या वेळी होते हे दिसले. पण तेदेखील बिनदाताचे आणि आखूड शेपटीचेच. यामुळे आपल्या दुसऱ्या प्राण्याचे दात आणि तिसऱ्याची शेपूट या दोन्ही गोष्टी वारशाने मिळू शकत नाहीत. बेटावर एखादे जुने घराणे तगून राहिले होते असे म्हणता येईल, परंतु समुद्र अडवतो तो चालणाऱ्यांना. उडणाऱ्या प्राण्याला तो तितकासा अडवीत नाही, त्यामुळे नुसत्या बेटपणाच्या आधारावर कित्येक कोटी वर्षांचे एकटेपण मला पटत नाही.

नायक्टोसॉरिडांना मी तळ्यांसाठी किंवा जमिनीसाठी निवडणार नाही. नायक्टोसॉरसच्या हातावरची तीन लहान बोटे नाहीशी झालेली होती, त्यामुळे जमिनीवर त्याचे चालणे अवघड असणार. अझडार्किड मात्र चांगले चालणारे होते. मार्क विटन आणि डॅरेन नॅश या संशोधकांनी २००८ मध्ये मांडल्याप्रमाणे ते करकोच्यांच्या रीतीने जमिनीवर फिरून लहान प्राणी टिपत असावेत. आपल्या तिन्ही प्राण्यांचा उगम याच कुळातून दाखवावा, असे माझे मत आहे. एकाच पूर्वजापासून तीन वाटा फुटलेल्या दाखवण्यात चित्रमालिकेलाही एकसंधपणा येईल.

आता पहिल्या प्राण्याबद्दल. टेक्सासमध्ये डग्लस लॉसन यांना १९७१ मध्ये सापडलेला केट्झलकोॲटलस हा अझडार्किड दहा-अकरा मीटर पंखविस्ताराचा होता आणि त्याचे वजन साधारण २०० ते २५० किलो धरले जाते. त्याच बांधणीचा प्राणी दहावरून पंधरा मीटरपर्यंत नेला, तर लांबी दीडपट, पंखाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट आणि वजन जवळजवळ ३.४ पट होते, म्हणजे २०० किलोचे सुमारे ६७५ किलो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार दीडपट वाढतो. हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढत असल्याने तीही वजनाच्या मागे पडते. तरंगत राहणे कदाचित साधेलही, पण खरी अडचण जमिनीवरून सुटण्याची आहे. मायकल हबीब यांनी २००८ मध्ये दाखवले की टेरोसॉर पक्ष्यांप्रमाणे केवळ मागच्या पायांवर उडी मारीत नसावेत. ते चारही पायांवर वाकून मुख्यतः हातांच्या जोराने हवेत झेपावत असावेत. उडण्याचेच स्नायू उडी मारण्यासाठी कामी येत असल्यामुळे ते पक्ष्यांपेक्षा कितीतरी मोठे होऊ शकले. परंतु या युक्तीलाही मर्यादा आहे, आणि पंधरा मीटर तिच्या पलीकडे जातात. नऊ ते दहा मीटर ठेवावे. चित्रात शेजारी सॉरोपॉडचे पाऊल दाखवले तर तेवढाही प्राणी प्रचंड वाटतो.

पायांच्या नखांनी भक्ष्य उचलणे मात्र सोडून द्यावे, असे आग्रहाने सुचवतो. टेरोसॉरांचे पाऊल सपाट टेकणारे होते आणि त्याला पकड नव्हती. भक्ष्य चोचीनेच धरायचे आणि जागीच गिळायचे, हीच त्यांची पद्धत. त्यासाठी आपल्याकडे फार चांगला प्रसंग उपलब्ध आहे. लाव्हाच्या खाली असलेल्या लमेटा थरांत गुजरातपासून जबलपूरपर्यंत टायटॅनोसॉर या सॉरोपॉडांची घरटी सापडली आहेत. गुजरातेतील एका घरट्यात तर नुकत्याच बाहेर पडलेल्या, जेमतेम अर्ध्या मीटरच्या पिल्लाजवळ सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप मिळाला, ज्याचे सनाजे हे नाव २०१० मध्ये जाहीर झाले. तिथे साप येत होता, तर तिथे लांब मानेचा टेरोसॉरही येऊ शकतो. अर्धा मीटर लांबीचे पिल्लू नऊ मीटरच्या अझडार्किडला गिळता येईल. अशी मान पातळ हाडांची असूनही मोडत कशी नसे, याचे उत्तर मोरोक्कोतील एका मणक्याच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॅनमधून मिळाले: हाडाच्या नळीच्या आत दुसरी नळी आणि त्या दोन्हींना जोडणाऱ्या सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक काड्या होत्या.

आखूड आणि जाड मानेचा, मोठे भक्ष्य मारणारा अझडार्किड काढण्याचा मोह होईल, कारण रोमेनियात हाट्झेगोप्टेरिक्स तसा होता. परंतु तो त्या काळच्या ज्या बेटावर राहत होता तिथे मोठे मांसभक्षक डायनोसॉर आढळत नाहीत, त्यामुळे ती जागा त्याला मोकळी मिळाली असावी. भारतात राजासॉरससारखे ॲबेलिसॉर, म्हणजे मोठे मांसभक्षक डायनोसॉर, होते. ती जागा भरलेली होती.

एक शेवटची गोष्ट पंखाबद्दल, कारण बहुतेक चित्रे तिथे वटवाघळाकडे झुकतात. वटवाघळाच्या पंखात चार बोटांची हाडे पडद्यातून जातात. टेरोसॉरच्या पंखाची बाहेरची कड एकट्या चौथ्या बोटाने धरलेली असते आणि त्या बोटाला नख नसते. पडद्याच्या आत हाडे काढू नयेत, तिथे केवळ बारीक तंतू असतात. मनगटापासून खांद्याकडे वळणारे टेरॉइड नावाचे हाड विसरू नये, कारण पुढचा छोटा पडदा त्याच्यामुळे ताणला जातो. असे हाड दुसऱ्या कोणत्याच प्राण्यात नाही.

तळेकाठ:

वरील प्रतिसादातील पूर्वजाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या प्राण्यापुरती त्यात भर घालतो. अर्जेंटिनातील टेरोडाउस्ट्रोच्या खालच्या जबड्यात सुमारे एक हजार केसांसारखे दात होते आणि तो पाणी गाळूनच खात असे, पण तो क्रिटेशसच्या पूर्वार्धातला आणि दातांच्या घराण्यातला होता. बिनदाती पूर्वजाला पुन्हा दात फुटवण्यापेक्षा चोचीच्या कडेलाच काम द्यावे. बदके आणि रोहित पक्षी यांनाही दात नाहीत. त्यांच्या चोचीच्या कडेवर केराटिनच्या, म्हणजे नखांसारख्या पदार्थाच्या, बारीक पट्ट्या वाढल्या आणि त्यांतून गाळणे साधले. पहिल्या टप्प्यात चोचीची कड किंचित खडबडीत झाली तरी निसटत्या गोगलगायी पकडण्यास ती उपयोगी पडते, दुसऱ्या टप्प्यात चर खोल होतात आणि चिखल बाहेर सोडता येतो, आणि त्यानंतर पट्ट्या दाट होत गेल्या की छोटे कवचधारी जीवही अडकू लागतात. प्रत्येक टप्प्यावर प्राण्याचे पोट भरते, हे महत्त्वाचे.

अन्नाची कमतरता नाही. लाव्हांमधल्या तळ्यांच्या गाळात फायसा नावाच्या गोगलगायींचे शंख, ऑस्ट्राकॉड हे सूक्ष्म कवचधारी, मासे आणि शैवालाचे अवशेष मिळतात. मी तर या प्राण्याला दोन जातींत विभागण्याचा विचार करीन: गोड्या तळ्यात शंख उचलणारा एक आणि क्षारयुक्त तळ्यात गाळणारा दुसरा. बेसॉल्टमध्ये बाहेर वाट नसलेले तळे असेल तर ते क्षारयुक्त होऊ शकते, हे लोणारमध्ये आजही दिसते. लोणारचे विवर अर्थातच लाव्हानंतर फार मोठ्या काळाने उल्कापाताने झाले, पण पाण्याचे रसायन शिकण्यासाठी ते उत्तम आहे. जून २०२० मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले, ते क्षारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. रोहितांचा गुलाबी रंगही अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतूनच येतो. त्यामुळे क्षारतळ्यावरच्या आपल्या टेरोसॉरच्या अंगावरील केसांसारखे तंतू आणि तुऱ्याची त्वचा फिकट गुलाबी दाखवण्यास पुरेसा आधार आहे, मात्र पंखपडद्याला तो रंग देऊ नये, कारण उन्हात ताणल्या जाणाऱ्या पडद्याला गडद, मेलॅनिनयुक्त रंग अधिक शोभतो.

कातळरेषा:

अत्यंत उपयुक्त माहिती. पहिला प्राणी नऊ मीटरवर आणि दुसरा चोचीच्या पट्ट्यांवर निश्चित करतो. तिसऱ्याबद्दल मात्र अजून मार्ग दिसत नाही. करकोच्यासारख्या चालणाऱ्या, लांब चोचीच्या घराण्यातून रात्री कीटक टिपणारा लहानसा प्राणी कसा निघावा? तसेच या सर्वांची अंडी आणि पिल्ले कशी असावीत, तेही कुणी सांगितल्यास चित्रमालिकेत एक स्वतंत्र पान ठेवता येईल.

रानपाऊल:

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते पिल्लांमध्ये आहे.

टेरोसॉरांची अंडी मऊ, चामड्यासारख्या आवरणाची होती. चीनमधील हामी परिसरात हामिप्टेरसची दोनशेहून अधिक अंडी एकत्र सापडली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा अंड्यांवर बसून उबवणे शक्य नव्हते. ती मातीत पुरावी लागत आणि ओल लागे. पिल्ले बाहेर पडताच उडत की काही काळ जमिनीवर राहत, यावर संशोधकांत मतभेद आहेत, परंतु पंखांची हाडे बाहेर पडण्याआधीच बरीच पक्की होत असल्याने ती लवकर स्वावलंबी होत हे मत मला अधिक पटते. याचा परिणाम असा की एकाच जातीचा प्राणी आयुष्यात अनेक व्यवसाय करतो. हातभर पंखविस्ताराचे पिल्लू कीटकांवर जगते, मीटरभराचे झाल्यावर बेडूक आणि सरडे टिपते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर टायटॅनोसॉरांच्या घरट्यांपर्यंत पोहोचते. क्रिटेशसच्या अखेरीस लहान टेरोसॉर फारच थोडे आढळतात, त्यामागचे एक कारण हेही मानले जाते की लहान प्राण्यांच्या जागा मोठ्यांच्या पिल्लांनी व्यापल्या होत्या. म्हणून कोणताही टेरोसॉर रेखाटताना केवळ प्रौढ प्राणी काढून थांबू नये. निदान तीन वयांत तो काढावा आणि प्रत्येक वयात तो काय खातो ते ठरवावे, अन्यथा आपल्या लहान प्राण्यांना खाण्यास शिल्लक काय राहते ते कळणारच नाही.

आता तिसरा प्राणी. पिल्लाचा चेहरा आखूड आणि डोळे मोठे असतात. एखाद्या अझडार्किडसदृश घराण्यात वाढ लवकर थांबली आणि लहान वयातच प्रजनन होऊ लागले, तर प्रौढपणीही चेहरा आखूड, डोळे मोठे आणि अंग छोटे राहील. संधिप्रकाशात कीटक टिपण्यास याहून सोयीचे शरीर कोणते? लांब शेपटीची गरजच पडत नाही. वंशात नवे काही निर्माण न करता केवळ वाढीचे वेळापत्रक बदलल्याने नवा प्राणी मिळतो, म्हणून ही वाट मला फार आवडते. कॅनडातील हॉर्नबी बेटावरून २०१६ मध्ये जेमतेम दीड मीटर पंखविस्ताराचा, जवळजवळ पूर्ण वाढलेला टेरोसॉर जाहीर झाला आहे, तेव्हा क्रिटेशसच्या उत्तरार्धात या घराण्यांच्या आसपास लहान आकार अशक्य नव्हता. चिमणीएवढा मात्र करू नये. पाऊण मीटर पंखविस्तार पुरे. रात्रीची निवड तर्काला धरून आहे: दिवसा पक्षी होते, आणि वटवाघळांचे सर्वांत जुने पक्के जीवाश्म सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे रात्रीचे आकाश तेव्हा बरेच मोकळे असावे. मोठ्या जातीच्या पिल्लांशी स्पर्धा होऊ नये म्हणून त्यांना दिवसा आणि याला रात्री काम द्यावे.

अंड्यांच्या पानासाठी एक कल्पना सुचवतो. सुलावेसी बेटावरचा मालेओ पक्षी ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेल्या मातीत किंवा उन्हाने तापलेल्या वाळूत अंडी पुरतो आणि निघून जातो. पिल्लू स्वतः माती उकरून वर येते आणि लवकरच उडते. अर्जेंटिनातील सानागास्ता येथे सॉरोपॉडांची अंडी गरम झऱ्यांच्या परिसरात घातलेली आढळली, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पुरलेली अंडी आणि लवकर उडणारी पिल्ले ही दोन्ही लक्षणे टेरोसॉरांकडे आधीपासून आहेत, त्यामुळे दख्खनच्या गरम झऱ्यांकाठी सामूहिक अंडभूमी दाखवणे मला अतिशय योग्य वाटते.

कृष्णपाषाण:

ज्वालामुखीबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो, आणि थोडा विरोधही नोंदवतो. प्रत्येक चित्रात मागे लालभडक लाव्हा वाहताना दाखवू नये. पश्चिम घाटात थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून अधिक असली, तरी दोन प्रवाहांमध्ये कित्येकदा माती तयार होण्याइतका आणि झाडे वाढण्याइतका दीर्घ काळ गेला आहे. बहुतेक टेरोसॉर जन्मापासून मरेपर्यंत लाव्हा न पाहताच जगले असते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील शेणाश्मांत (जीवाश्म झालेल्या शेणात) गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे टायटॅनोसॉर तेव्हा गवतही खात होते. पार्श्वभूमीला ताड, गवत आणि तळे असावे, आणि काळा कातळ फक्त मधून मधून डोकवावा.

उद्रेकाचा शरीरावरचा परिणाम दाखवायचाच असेल तर तो वायूंतून दाखवावा. आइसलँडमध्ये १७८३ मध्ये लाकीचा उद्रेक झाला तेव्हा फ्लोरिनयुक्त राख कुरणांवर पडली आणि देशातील निम्म्याहून अधिक जनावरे दगावली. विषबाधेची खूण दात आणि हाडे यांत राहते, कारण फ्लोराइड तिथेच साचते. अशा उद्रेकानंतर दख्खनवर मृत टायटॅनोसॉर पडले असतील, आणि नऊ मीटर पंखविस्ताराच्या प्राण्याला ते दुरून दिसले असतील. अझडार्किडची लांब चोच शवाच्या आत शिरण्यास सोयीची आहे, परंतु हाडे फोडून खाणारा प्राणी इथे फार दिवस तगणार नाही. मऊ मांस आणि आतडी खाणारा तगेल. म्हणून मृतभक्षी उपजात काढायची असेल तर तिला मजबूत, हाडफोडी चोच देऊ नये. चोच बारीक, मान बरीचशी उघडी, आणि डोक्यावरचा तुरा लहान ठेवावा, कारण शवात डोके घालणाऱ्याला मोठा तुरा अडचणीचा ठरेल.

कातळरेषा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखडा आता असा करीत आहे: पूर्वज म्हणून समुद्र ओलांडून आलेला, सुमारे तीन मीटर पंखविस्ताराचा, जमिनीवर चालणारा अझडार्किड, त्याच्यापासून एक वाट आकाराने वाढत घरट्यांवरच्या शिकाऱ्याकडे आणि त्यातून मृतभक्षी उपजातीकडे, दुसरी चोचीच्या पट्ट्यांकडे, आणि तिसरी वाढ लवकर थांबून रात्रीच्या कीटकभक्षीकडे. तुरा फक्त प्रौढांना देईन, आणि टेरानोडॉन या टेरोसॉरमध्ये नर-मादींच्या आकारात आणि तुऱ्यात जसा मोठा फरक मानला जातो तसा पहिल्या प्राण्यात दाखवीन. एकच शंका उरली आहे: तळ्याकाठच्या चिखलात त्यांच्या पावलांचे ठसे दाखवायचे आहेत, ते कसे काढावेत?

अस्थिवेध:

ठसे चार पायांच्या चालीचे काढावेत. पुढच्या ठशात पंखाचे बोट उमटत नाही, कारण चालताना ते घडी करून मागे-वर धरलेले असते. फक्त तीन लहान बोटे उमटतात, ती बाहेरच्या बाजूला वळलेली असतात आणि तिसरे बोट जवळजवळ मागे रोखलेले असते. मागचा ठसा लांबट, टाचेसकट पूर्ण टेकलेला आणि चार बोटांचा असतो. दक्षिण कोरियातील हेनामिक्नस हे ठसे अझडार्किडांचे मानले जातात आणि त्यांत डावी-उजवी पावले एकमेकांच्या जवळ, अरुंद पट्ट्यात पडलेली दिसतात, म्हणजे पाय शरीराखाली सरळ होते. म्हणून पावले फाकवून काढू नयेत. हाताचा ठसा पायाच्या ठशापेक्षा किंचित बाहेर ठेवावा. शरीराचा पुष्कळ भार खांद्यांकडे असल्याने तो पायाच्या ठशाहून थोडा खोलही दाखवावा. गाळून खाणाऱ्या जातीसाठी त्याच ओळीच्या पुढे चोचीने चिखल उपसल्याचे उथळ, अर्धगोल ओरखडे काढता येतील.